आबांचे कागद आणि आबांची बुलेट

फेब्रुवारी 2024 मध्ये आमच्या गावातले माजी सैनिक आबा गेले. अंत्ययात्रा निघायच्या आधी तालमीतली पोरं म्हणाली, बुलेट चालू करून पुढे काढू, आबांना बरं वाटेल. तेव्हा पहिली गोष्ट सांगावी लागली ती हीच, की गाडीला कुणी किक मारायची नाही.

गुडघा दुखायला लागल्यापासून, म्हणजे 2022 च्या दिवाळीपासून, गाडी पडवीत उभी होती. जुन्या कास्ट आयर्न बुलेटची तेलाची टाकी इंजिनाच्याच पोटात असते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते तेल पंपातून झिरपत क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याच्या, कप्प्यात उतरतं. अशा गाडीला किक मारली तर क्रँक तेलात बुडून फिरतो, तेल ब्रीदरच्या नळीतून बाहेर येतं, प्लग भिजतो. पिस्टनच्या रिंगा चिकटल्या असतील तर सिलिंडरवर ओरखडे उठतात. क्लचच्या प्लेटाही एकमेकींना धरून बसलेल्या असतात, त्यामुळे गिअर टाकला की गाडी झेप घेते. म्हणून न्यूट्रलमध्ये टाकून दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून ती तिठ्यापर्यंत ढकलत नेली. इंजिनाचा आवाज नव्हता आणि त्याने काही कमी पडलं नाही.

दुसरा प्रश्न तिरंग्याचा. पोरांनी झेंडा आणून ठेवला होता. भारतीय ध्वजसंहितेप्रमाणे (2002) राष्ट्रध्वज आच्छादन म्हणून वापरता येतो तो फक्त शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीत. अशा वेळीही केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला ठेवतात आणि अग्नी देण्याआधी ध्वज काढून घेतात. निवृत्तीनंतर घरी वारलेल्या माजी सैनिकाला हा मान आपोआप मिळत नाही. आबांनीच हे गावात चारदा समजावलं होतं, त्यामुळे त्यांच्या बाबतीत नियम मोडणं बरं दिसलं नसतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला (गावात सगळे सैनिक बोर्डच म्हणतात) सकाळीच फोन केला होता. त्यांचा माणूस पुष्पचक्र घेऊन आला. सेवेतल्या नावानिशी, हुद्द्यानिशी आणि नंबरानिशी तो मान दिला गेला. हा फोन लवकर करायचा असतो. दुपारी केला तर साताऱ्याहून माणूस पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असतं.

आबा कोण होते हे गावाला माहीत होतं, पण नेमकं कळलं ते डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीचं पुस्तक, उघडल्यावर. 1962 ची भरती, कोअर ऑफ सिग्नल्स, ट्रेनिंग जबलपूर, ट्रेड डी.आर., म्हणजे डिस्पॅच रायडर. वायरलेस बंद ठेवायचा हुकूम असतो किंवा गोळीबारात टेलिफोनच्या तारा तुटतात, तेव्हा लिखित हुकूम एका मुख्यालयातून दुसऱ्याकडे मोटरसायकलवरून पोचवणारा हा माणूस. रात्री दिवा न लावता, नकाशा डोक्यात ठेवून. पदकांच्या पानावर 1965 ची समर सेवा स्टार आणि 1971 ची पश्चिमी स्टार. 1986 मध्ये 24 वर्षांची नोकरी करून हवालदार म्हणून निवृत्ती, आणि त्याच वर्षी घेतलेली ही बुलेट.

पुढची 36 वर्षं गावाने ती दोघं एकत्रच पाहिली. कोल्हापूरच्या भरतीला जाणारी पोरं पहाटे पाचला डांबरीवर पळायची आणि मागून बुलेटवर आबा, गळ्यात स्टॉपवॉच. 1600 मीटरचे दगड त्यांनी स्वतः चुन्याने रंगवले होते. पंचक्रोशीतल्या फौजी विधवांचे अर्ज ते भरून द्यायचे. म्हणूनच आबांच्या मागे काकींचे, म्हणजे त्यांच्या पत्नीचे, पेन्शनचे कागद अडकणं आम्हाला कुणालाच परवडणारं नव्हतं, आणि नेमके तेच अडकले.

आधी सोपा भाग. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत केली तर काही लागत नाही. उशीर झाला की शुल्क, आणि फार उशीर झाला की वरच्या अधिकाऱ्याची परवानगी. दाखल्याच्या दहा-बारा प्रती एकदमच घ्याव्यात. दाखल्यावरचं नाव पीपीओवरच्या (पेन्शनच्या आदेशावरच्या) नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळतं का, हे ग्रामपंचायतीच्या टेबलापाशीच पाहून घ्यावं. घरी आल्यावर चूक दिसली की दुरुस्तीला महिने जातात.

मग ‘स्पर्श’ या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर मृत्यू कळवणं. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचं असतं, त्यापुढचं जमा झालं तर ते परत घेतलं जातं. घरचे दिवसकार्याच्या खर्चाला एटीएममधून काढून बसतात आणि पुढे काकींच्या फॅमिली पेन्शनमधून वसुली लागते. ज्या घरात कुणी जाणता नाही तिथे हे हमखास होतं. कार्ड त्याच दिवशी बाजूला ठेवायचं. खातं मात्र घाईने बंद करायचं नाही.

घोडं अडलं ते नावावर. 1960-70 च्या दशकात सैनिकाने लग्न झाल्याचं युनिटला कळवलं की ‘पार्ट टू ऑर्डर’ निघायची आणि बायकोचं नाव रेकॉर्डला चढायचं. लिहिणारा कारकून कुठला तरी पंजाबचा किंवा मद्रासचा, सांगणारा सातारी. त्यातून शालनची शालिनी व्हायची, कधी माहेरचंच नाव चढायचं, आणि जन्मतारखेचा रकाना बहुतेकदा कोराच. काकींचं रेकॉर्डला एक नाव, आधारवर दुसरं आणि जन्मतारीख नाहीच, असा प्रकार निघाला. अशा वेळी ‘स्पर्श’वर कितीही वेळा अर्ज केला तरी तो परत येतो, कारण मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिसकडची असते. सिग्नल्सचं रेकॉर्ड जबलपूरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला. ज्याचं त्याचं रेकॉर्ड त्याच्या त्याच्या सेंटरला. दुरुस्ती तिथूनच व्हायला हवी.

पाठवलेले कागद असे: दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, डिस्चार्ज बुकातल्या कुटुंबाच्या पानाची प्रत, पीपीओ, आधार, पॅन, जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला, मृत्यूचा दाखला आणि सैनिक बोर्डाचं शिफारसपत्र. शाळेचा दाखला काकींच्या माहेरच्या गावातून, जुन्या मराठी शाळेच्या रजिस्टरातून काढून आणला. त्याच्याशिवाय आमची जन्मतारखेची गाडी पुढे सरकत नव्हती. सगळे कागद रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले आणि पोचपावती जपून ठेवली. दुरुस्तीचं पत्र यायला साडेचार महिने लागले, आणि त्यानंतर फॅमिली पेन्शन थकबाकीसह सुरू झालं.

जन्मतारखेवर आम्ही एवढे अडून बसलो त्याला कारण आहे. फॅमिली पेन्शन साधारणपणे शेवटच्या पगाराच्या 30 टक्के असतं. पण पेन्शनवाली बाई 80 वर्षांची झाली की त्यात 20 टक्के वाढ मिळते, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरीला दुप्पट. हे वय तिचं स्वतःचं धरतात, नवऱ्याचं नाही. रेकॉर्डला जन्मतारीख नसेल तर ही वाढ आपोआप लागत नाही आणि कुणी विचारायलाही येत नाही. नवरा हयात असताना त्याच्या सहीच्या अर्जाने ही दुरुस्ती सोपी जाते. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात माजी सैनिक असतील तर आजच पीपीओ काढून बायकोचं नाव आणि तारीख पाहा. आबांनी दुसऱ्यांच्या पन्नास घरात हे करून दिलं आणि स्वतःच्या घरात राहून गेलं.

ईसीएचएस (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड आणि कॅन्टीन कार्ड काकींच्या नावाने नव्याने करून घ्यावं लागतं, त्याला नवा पीपीओ लागतो. म्हणजे हेही पेन्शनच्या मागेच. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना एका घराच्या घरपट्टीत सूट आहे, तिचा अर्जही नाव बदलून पुन्हा द्यायचा. यात अवघड काही नाही, फक्त कुणीतरी उठून जायला हवं.

पहिल्या वर्षाच्या फलकाचं काम त्या मानाने छोटं, पण चुका तिथेच जास्त होतात. फ्लेक्सवाला परस्पर ‘शहीद’ घालतो. वार्धक्याने गेलेल्या माणसाला शहीद म्हणू नये, ते आबांनाही रुचलं नसतं. हुद्दा डिस्चार्ज बुकात असेल तोच लिहायचा: हवालदार (निवृत्त). कुणी प्रेमाने सुभेदार केलं तर तो मान होत नाही, जे खरोखर सुभेदार झाले त्यांच्याबरोबर घोटाळा होतो. सिग्नल्सचं ब्रीद ‘तीव्र चौकस’, ते पहिल्या छपाईत ‘तीव्र चौकशी’ झालं होतं. प्रूफ मोबाइलवर न पाहता कागदावर काढून पाहिलं म्हणून सापडलं.

पदकं पितांबरीने किंवा चिंचेने घासायची नाहीत. त्यांच्या कडेवर सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं, तेच पुसट होतं. कोरड्या मऊ फडक्याने पुसायची, बस. फिती मात्र विरल्या होत्या, त्या पुण्याच्या कॅम्पातून नव्या आणल्या. पदकांचा क्रम आपल्या मनाने न लावता आबांच्या निवृत्तीच्या फोटोवरून लावला.

आता गाडी. आधी तिचे कागद. मालक वारल्यावर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर करून घ्यायची. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, चालू विमा, पीयूसी आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. 15 वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. आबांनी ती 2021 मध्ये केलेली होती, त्यामुळे 2026 पर्यंत निश्चिंती होती. नंबर जुना तीन अक्षरी, एमएच-11 च्या आधीच्या काळातला. संगणकात चढवताना इंजिन नंबरातल्या ‘बी’चा 8 झालेला निघाला. अशा वेळी तोंडी वाद घालू नये. इंजिन आणि चासी नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवायची, तो ठसा अर्जाला चिकटवायचा. नंबरावर रंगाचे थर असतील तर थिनरने काढावेत, कानस किंवा वायर ब्रश लावू नये. नंबर खाडाखोड केल्यासारखा दिसला तर नवीनच भानगड. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट दुचाकीला जीएसटीसह 531 रुपयांना पडली. जुनी, आबांनी हाताने रंगवलेली प्लेट काढून घरात लावली.

गाडी पुन्हा चालू करायचं काम नोव्हेंबर 2024 मध्ये घेतलं आणि एक गोष्ट आधीच ठरवली: रंग द्यायचा नाही, क्रोम करायचं नाही. टाकीवर गुडघ्याने घासून उडालेला रंग, डाव्या बाजूचा पोचा, सीटखालची कॅनव्हासची पिशवी, सगळं जसंच्या तसं. नवी कोरी केलेली गाडी शोरूममध्येही मिळते. ही आबांनी वापरलेली होती आणि तशीच दिसायला हवी.

पहिल्या दिवशी फक्त तेल. खालचे दोन्ही नट खोलून तेल भांड्यात घेतलं, तर क्रँकच्या बाजूनेच सव्वा लिटर निघालं. एवढं तेल चुकीच्या कप्प्यात होतं. टाकीच्या तळाची चाळणी रॉकेलने धुतली, टायमिंग कव्हरमधला नमद्याचा फिल्टर बदलला. नवं तेल 20डब्ल्यू-50, दोन लिटरच्या थोडं वर बसतं. फिल्टरचं घर आधी हाताने तेलाने भरून घ्यायचं, नाहीतर पंप हवा ओढत बसतो आणि पहिली दोन मिनिटं वरचं इंजिन कोरडं चालतं. प्रायमरी चेनकेसमध्ये (इंजिन आणि क्लचमधल्या साखळीच्या घरात) मोजून घालण्यापेक्षा लेव्हलचा स्क्रू काढून तिथून तेल ठिबकेपर्यंत घालावं.

प्लग काढून भोकातून दहा मिली तेल सोडलं आणि रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी गाडी डबल स्टँडला, प्लग बाहेरच, चौथा गिअर टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे. किकपेक्षा चाकाने ताकद सावकाश लागते आणि कुठे अडतं ते हाताला कळतं. पिस्टन सुटला, पण पहिल्या अर्ध्या फेरीला खरखर होती. ती सिलिंडरच्या भिंतीवरच्या हलक्या गंजाची. पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र. इथे घाई करणाऱ्याला पुढे सिलिंडर बोअर करावा, म्हणजे आतून कापून मोठा करावा, लागतो.

टाकीत जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, टाकी आतून गंजते आणि जुने रबरी पाइप फुगतात. पाइप, पेट्रोल कॉकचं बूच आणि कार्बोरेटरची गॅस्केट तिन्ही बदलली. टाकीत मूठभर नट आणि थोडं रॉकेल घालून अर्धा तास घुसळलं, तीन वेळा धुतलं. कार्बोरेटरचे जेट तारेने कोरू नयेत, भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल प्यायला लागते. नायलॉनचा धागा आणि हवा पुरते.

सी.बी. पॉइंटवर, म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या संपर्कांवर, काजळी होती. बारीक पॉलिश पेपर फिरवून, पेट्रोलच्या फडक्याने पुसून फट 0.35 ते 0.40 मिलिमीटरमध्ये ठेवली. फिलर गेज आबांच्याच पिशवीत होता. टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे) इंजिन पूर्ण थंड असताना जुळवायचे: पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली खुळखुळता कामा नये. जुन्या बुलेटचे बरेच नट इंची मापाचे असतात. त्यांना मिलिमीटरचा पाना लावला की कोपरे गोल होतात, आणि मग छिन्नीची पाळी येते. पिशवीत इंची पाने होते, ते वापरले. त्याच पिशवीत जादा क्लच वायर, एक कंडेन्सर, दोन प्लग आणि सुतळीची गुंडी होती. डी.आर.ची सवय.

सहा व्होल्टची बॅटरी तालुक्याला मिळाली नाही, पुण्याहून मागवावी लागली. टायर वरून ठीक दिसत होते, पण कडेचे शेवटचे चार आकडे पाहिले तर आठवडा आणि वर्ष 2011 मधलं. 3.25-19 ची नवी जोडी, नव्या ट्यूब, रिमवरची पट्टीसुद्धा नवी. ब्रेकचे लायनर गुळगुळीत झाले होते, ते खरवडण्याच्या फंदात न पडता बदलले. बाकी सगळं जुनं राखावं, पण टायर आणि ब्रेक यांच्यात आठवण शोधू नये.

सुरू करताना आधी क्लच दाबून पाच-सहा किका मारून प्लेटा सोडवल्या. मग किल्ली फिरवून किक सावकाश दाबत अँपिअरच्या काट्याकडे पाहायचं, बॅटरीतून करंट जातो की भरतो ते तो दाखवतो. पॉइंट मिटलेले असताना काटा डावीकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा मध्यावर आला म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्याशी आहे. तिथे डीकॉम्पचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका दाबून किक आणखी बोटभर पुढे, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगाचं वजन टाकून एकच पूर्ण किक, रेस न देता. हे चुकवून अर्ध्यात किक मारली तर गाडी उलटा झटका देते आणि घोटा जातो. आबा प्रत्येक पोराला आधी काटा वाचायला शिकवायचे, चालवायला नंतर. गाडी सातव्या किकेला लागली. लगेच इंजिनाच्या टॉपवरच्या तेलाच्या नळीचा बोल्ट अर्धा फेरा ढिला करून तेल पाझरतंय का ते पाहिलं. पाझरलं, तेव्हाच बोल्ट आवळला. काकी दारात येऊन उभ्या होत्या. “जरा मिस होतेय,” म्हणाल्या. खरंच होत होती, मध्येच ठोका चुकत होता. कंडेन्सर बदलल्यावर ते गेलं.

वर्षश्राद्ध घरी तिथीने झालं. आबांच्या आठवणीची मोटरसायकलची फेरी ठेवली 15 फेब्रुवारीला, कारण 1911 मध्ये त्या दिवशी सिग्नल्सची स्थापना झाली आणि आबा तो दिवस न चुकता पाळायचे. जायचं साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाला, जिथे पहिल्या महायुद्धात गेलेल्या 46 जणांचं स्मारक आहे. पोलीस ठाण्याला आठ दिवस आधी अर्ज दिला: मार्ग, वेळ, गाड्यांची संख्या, जबाबदार माणसाचं नाव. 22 गाड्या. तिरंगा गाड्यांना बांधला नाही, वाहनावर राष्ट्रध्वज लावायचा अधिकार ठराविक पदांनाच आहे. त्याऐवजी सिग्नल्सच्या तीन रंगांच्या पट्ट्या, आकाशी, गडद निळा आणि हिरवा. हेल्मेटशिवाय कुणी नाही, सायलेन्सर काढलेली गाडी नाही. दोन पोरांना त्यासाठी परत पाठवलं.

मिरवणुकीचा वेग कास्ट आयर्न इंजिनाला सोसत नाही. दहा-पंधराच्या वेगाने दुसऱ्या गिअरमध्ये वीस मिनिटं चाललं की हेड तापतं, गाडी आचके देते. शिवाय एवढ्या कमी फेऱ्यांवर अल्टरनेटर पुरेसा भरत नाही, त्यात दिवा चालू असला की काटा डावीकडेच राहतो आणि सहा व्होल्टची बॅटरी अर्ध्या तासात बसते. म्हणून गावातून फक्त वेशीपर्यंत हळू, पुढे चाळीसच्या वेगाने तिरक्या ओळीत, एक डावीकडे तर मागचा उजवीकडे, मध्ये दोन सेकंदांचं अंतर. आबांची गाडी सर्वांत पुढे, नातवाच्या हातात. त्याला उजव्या पायाचा गिअर आणि डाव्या पायाचा ब्रेक अंगवळणी पडायला तीन आठवडे लागले. आताच्या गाड्यांवर शिकलेली पोरं गडबडीत ब्रेक म्हणून गिअरच दाबतात, म्हणून त्याला रोज मोकळ्या मैदानात अचानक थांबायची सवय करायला लावली होती. वाटेत एकदाच थांबावं लागलं, क्लच वायर तुटली म्हणून. पिशवीतली वापरली.

आता गाडी नातवाकडे आहे. दर दुसऱ्या रविवारी किमान वीस किलोमीटर, कारण जागेवर पाच मिनिटं चालू ठेवण्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचण्यापलीकडे काही होत नाही. परत आल्यावर पेट्रोल कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत गाडी चालू ठेवायची, टाकी भरलेली ठेवायची. पावसाळ्यात महिनाभर उभी राहिली तर आधी खालचा नट खोलून तेल किती उतरलं ते मोजायचं. पिशवीत नवी क्लच वायर ठेवली आहे.